जिन्याखालचा चोरकप्पा

“घरच्या बाईले बोलवा.”

आमच्या मिस्त्रींनी असं म्हटलं की समजायचं, काम संपलं. मग मालक कितीही मोठा असो, त्यानं बाजूला व्हायचं. घरातली बाई पदराला हात पुसत यायची आणि मिस्त्री तिला प्रत्येक दार, प्रत्येक ड्रॉवर तिच्याच हातानं तीनदा उघडायला आणि तीनदा लावायला सांगायचे. पहिल्यांदा बाई लाजायची. दुसऱ्यांदा उगाच जोर लावायची. तिसऱ्यांदा तिचा हात बसायचा. “आता हे तुमचं झालं,” असं म्हणून मिस्त्री पायात चपला सरकवायचे. एका घरातली बाई माहेरी गेली होती, तर हा माणूस दोन दिवसांनी परत गेला, निव्वळ तिच्याकडून ड्रॉवर उघडून घ्यायला.

मी वर्ध्यात इंटिरियरची कामं करते. म्हणजे मी कागदावर रेघा मारते आणि मिस्त्री त्या रेघांचं घर करायचे. अकरा वर्षं आम्ही सोबत काम केलं. अंगानं काडी, आवाज खोल, आणि शर्टाच्या खिशात इतके स्क्रू की शर्ट कायम डाव्या बाजूला ओघळलेला. माझा नकाशा हातात घेतला की ते तो आधी उलटा धरायचे, मग आडवा, मग माझ्याकडे दयेनं बघायचे. “ताई, कागदावर तं सगळंच बसते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुमच्याही गावात असा एखादा कारागीर असेल, जो आपल्या डिग्रीचा मान ठेवतो आणि तिच्यावर काडीचाही विश्वास ठेवत नाही. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय माझं पानही हलायचं नाही.

घरच्या बाईचं हे काय खूळ आहे, असं मी एकदा डबा खाताना विचारलं होतं. त्यांचे वडीलही सुतार. त्यांनी घरच्या कपाटात एक चोरकप्पा केला होता आणि त्यात शेताचे कागद ठेवले होते. कप्पा इतका बेमालूम की बायकोलाही माहीत नाही. एक दिवस छपरावरून पडले ते बोललेच नाहीत, गेले.

“माही माय वर्षभर कागद शोधत होती,” मिस्त्री भाकरी मोडत म्हणाले. “शेवटी कुऱ्हाड घेतली अन् कपाट फोडलं. बाबाच्या हातचं कपाट. फोडत होती अन् रडत होती. तवापासून मी ठरोलं, घरच्या बाईले माहीत नाई असा एकबी कप्पा आपल्या हातून होणार नाई.”

मी म्हटलं, बरोबर आहे. आणि लोणचं मागितलं. आपण ऐकतो ते असंच ऐकतो.

मग वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघ्यातलं ते काम आलं. बियाणं आणि खताचं मोठं दुकान असलेले एक शेठ, बेचाळीस वर्षांचे, हसरे, मोकळ्या हाताचे. नवा दुमजली बंगला. घर दाखवता दाखवता त्यांनी मला जिन्याजवळ थांबवलं. जिन्याखाली पाच-सव्वापाच फूट लांबीची तिरपी जागा होती. एका टोकाला माणूस उभा राहील एवढी उंच, दुसऱ्या टोकाला गुडघ्याएवढी. त्यात एक जुना कूलर, फुटकी बादली आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर पडलेलं.

“मॅडम, ये जगह बेकार पडून राह्यली,” शेठ आवाज खाली आणून म्हणाले. “इथं एक छोटासा काउंटर करून द्या. समजलं ना? पुण्याले मित्राच्या घरी पाह्यला मी. एकदम झकास.”

समजलं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथे दारू मिळत नाही असं कुणी म्हणत नाही, पण तिचं नावही कुणी घेत नाही. मीही घेतलं नाही. नकाशावर सुबक अक्षरात लिहिलं, ‘क्रॉकरी युनिट’.

निघताना शेठची बायको माझ्यामागे गेटपर्यंत आली. वहिनी म्हणून मी तिला त्याच दिवशी पहिल्यांदा हाक मारली. ती म्हणाली, “ताई, डॉक्टरनं यांना साफ सांगितलंय. लिव्हर खराब होऊन राह्यलं. आता घेतली तर वाचणार नाही म्हणाले. ते जिन्याखाली काय करून राह्यले हे मले समजते. तुम्ही नाही म्हणा ना.”

“क्रॉकरी युनिट आहे, वहिनी,” मी म्हणाले.

हे मी बोलले. शुद्ध, स्पष्ट मराठीत बोलले.

खरं सांगायचं तर मला ती जागा आवडली होती. रिकाम्या तिरप्या जागेचं काहीतरी करून दाखवायला मिळालं की माझं डोकं धावायला लागतं. उंच बाजूला चार फळ्या, त्यांच्यामागे आरसा म्हणजे जागा दुप्पट दिसेल. मध्यभागी खाली पाडता येईल अशी फळी, तोच काउंटर. वर ग्लास उलटे टांगायला पट्ट्या. बुटक्या कोपऱ्यात छोटा फ्रिज. पिवळा मंद लाइट. आणि बाहेरून पाहणाऱ्याला फक्त सागवानी पट्ट्यांची भिंत. दार आहे हे कळूच नये. गुडघ्याच्या उंचीवरची एक पट्टी दाबली की अख्खी भिंत अलगद उघडावी.

मिस्त्रींनी नकाशा उलटा धरला, आडवा धरला. मला वाटलं, विषय कळल्यावर हा माणूस काम नाकारेल. त्यांच्या गावात, रोहण्याकडे, बायकांचं दारूबंदी मंडळ होतं आणि त्यांची बायको त्यात पुढे असायची. उकिरड्यात सळया खुपसून लपवलेले दारूचे डबे शोधून काढणाऱ्या त्या बायका.

पण मिस्त्री म्हणाले, “फ्रिजच्या मांगं हवा कुठून जाईन? मे महिन्यात आपल्या इथं फ्रिज आतल्या आत शिजते. अन् फळीले पुढून कठडा पाह्यजे, जिन्यावर पोट्टे धावले का बाटली खाली. अन् बाटलीची उंची किती धरली तुमी?”

मी अंदाजे एक फूट सांगितली. ते हसले. “ताई, कागदावर तं सगळंच बसते.”

दुसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याकडे गेले आणि मापासाठी पाच रिकाम्या बाटल्या घेऊन आले. दारूबंदीच्या जिल्ह्यात भंगारवाल्याकडे सगळ्यांत मोठा ढीग कशाचा असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. बाटल्या दुपट्ट्यात गुंडाळून सायकलच्या हँडलला टांगलेल्या, प्रत्येक खड्ड्यात खणखणत. बाजारात त्यांना गावातली मंडळातलीच एक बाई भेटली. संध्याकाळी मिस्त्री गावात पोचण्याआधी ती बातमी पोचली होती. “बायकोनं तोंड वासायले लावलं,” ते दुसऱ्या दिवशी सांगत होते. “वास घेतला, मंग जेवू दिलं.” आम्ही दोघं पोट धरून हसलो.

काम सुरू झाल्यावर एकदा शेठ आम्हा दोघांसमोर म्हणाले, “ये कैसे खुलता है, हे घरात कोणाले सांगायचं नाही. हिले तर बिलकुल नाही.” मी लगेच मान हलवली. मिस्त्री फुटपट्टीनं एकदा मोजलेली फळी पुन्हा मोजत राहिले. ते बोलले नाहीत याचा अर्थ त्यांनी मान्य केलं, असा मी लावला. अकरा वर्षं सोबत काढून मला तेवढंच कळलं होतं.

भिंत अशी झाली की मी स्वतः दोनदा चुकीची पट्टी दाबली. ताबा घ्यायला शेठनं मुद्दाम दिवस निवडला, वहिनी चतुर्थीला केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेली तो. मिस्त्रींनी कोणालाच बोलवा म्हटलं नाही. चपला घातल्या आणि निघाले. मला हायसं वाटलं.

दीड महिन्यानं शेठचा फोन आला. ओरडतच होते. मला आणि मिस्त्रींना घरी बोलावलं. झालं होतं असं की ताबा दिल्यावर दोन दिवसांनी, शेठ दुकानात असताना, मिस्त्री एकटे त्या घरी गेले होते आणि वहिनीकडून ती भिंत तीनदा उघडून घेतली होती. वहिनीनं त्या बाटल्यांना हात लावला नाही. एकही ओतून दिली नाही. ती रोज दुपारी उघडून बघायची आणि जेवायला वाढताना नवऱ्याला सांगायची, आज चार बोटं कमी झाली. आज दोन. बस, एवढंच. शेठची भांडणाची तयारी होती, पण ती भांडायचीच नाही. त्या दीड महिन्यात त्यांचं पिणं निम्म्यावर आलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

“तुम्ही दाखवलं?” मी मिस्त्रींना विचारलं. मला अजूनही वाटत होतं, नाही म्हणतील.

“हो. दाखोलं मी.”

“शेठनं नाही सांगितलं होतं.”

“मी हो म्हटलो नव्हतो, ताई.”

शेठ त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हात उगारला नाही एवढंच. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी काय केलं? मी मिस्त्रींना म्हणाले, “तुम्ही माझा शब्द घालवलात.” आणि शेठकडे वळून सांगितलं की उद्याच्या उद्या नवं कुलूप लावते, नंबरचं, नागपूरहून मागवते, तुमच्याशिवाय कोणी उघडू शकणार नाही.

मिस्त्रींनी पिशवी उचलली. दारात थांबून त्यांनी एकच विचारलं, “तुमी लावान हे कुलूप?”

“हो. मी लावेन.”

ते गेले. कुलूप मी लावलं. फोन करायचा असं रोज मनात यायचं आणि रोज मला वाटायचं, माफी त्यांनी मागायला हवी. नवा मिस्त्री ठेवला, चांगला होता, नकाशा सरळ धरायचा. असे पाच महिने गेले.

एका गुरुवारी दुपारी वहिनीचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. शेठ सकाळी उशिरा उठले ते भिंत धरत, मला सगळं धुकं दिसून राह्यलं म्हणत. उलट्या झाल्या. शुगर वाढली असेल म्हणून दीर त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं विचारलं, दारू घेतात का. दिरानं सांगितलं, नाही. वहिनीनंही फोनवर सांगितलं, सोडली. तसं शेठनं मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं. जिन्याखाली आता दुकानाचे कागद असतात म्हणाले होते.

“आता ते बोलूनच नाही राह्यले, ताई,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणते नक्की सांगा, काही घेतलं का. मी काय सांगू? मले त्यात काय आहे तेच माहीत नाही. ते उघडते कसं?”

मला माहीत नव्हतं. नंबर शेठनं स्वतः टाकला होता.

मी दहा मिनिटांत तिथे पोचले. आम्ही दोघींनी मुलांच्या जन्मतारखा टाकल्या, लग्नाची टाकली, दुकानाचा फोन टाकला. पाचव्या चुकीला ते कुलूप शिट्टी मारून बंद पडलं. नागपूरचा कुलूपवाला म्हणाला, उद्या माणूस पाठवतो. नवा मिस्त्री फोन उचलेना. मी हातोडी घेऊन सागवानी पट्टीवर घातली, तर पट्टीला खळगा पडला आणि माझ्याच मनगटात कळ गेली. ती भिंत कोणासाठी किती भक्कम करून घेतली होती, हे मला त्या क्षणी कळलं.

मग मी मिस्त्रींना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी काय बोलले ते आठवत नाही. ते सेलूच्या पुढे कुठेतरी कामावर होते.

“बाई घरात आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“येतो.”

कोणाची तरी मोटारसायकल घेऊन ते पाऊण तासात आले. माझ्याकडे पाहिलं नाही. वहिनीला म्हणाले, “तुमी इकडं या, ताई, उजीड धरा.” मोबाइलच्या उजेडात त्यांनी बुटक्या कोपऱ्यातली, फ्रिजच्या हवेसाठी ठेवलेली जाळी काढली. आत हात घातला, पटाशी सरकवली, दोन स्क्रू फिरवले. मी अर्धा तास जी भिंत बडवत होते ती चार मिनिटांत बाजूला झाली. एक पट्टीही फुटली नाही.

आत पिवळा लाइट आपोआप लागला. मागच्या आरशात आम्ही तिघं दिसलो, आणि आमच्यापुढे बाटल्या. खालच्या फळीवर रिकाम्या, रांगेनं लावलेल्या. वर एक अर्धी. वहिनी खाली बसली.

मिस्त्रींनी अर्धी बाटली उचलली, उजेडात धरली, झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं. आयुष्यभर लाकूड चिकटवणारा माणूस.

“हे गोंदानं चिटकोलं आहे,” ते म्हणाले. “कंपनीचं नाई हे. कोणी भरलं अन् वरून झाकण बसोलं. हे डॉक्टरले दाखवा. आताच्या आता. दिराले फोन लावा, सांगा पेले म्हणून, अन् काय पेले ते घेऊन येऊन राह्यली.”

वहिनी ती बाटली पदराखाली धरून रस्त्यानं गेली. आमच्या गावात कोणाच्या बायकोला दिवसाढवळ्या दारूची बाटली घेऊन धावताना मी तोवर पाहिलं नव्हतं. लोक बघत होते. मिस्त्री मोटारसायकल घेऊन तिच्यामागे गेले आणि तिला बसवून घेऊन गेले.

शेठ वाचले. डॉक्टरांनी लगेच औषध बदललं, रात्रभर झगडले, आणि माणूस वाचला. डोळे नाही वाचले. एका डोळ्यानं काहीच दिसत नाही, दुसऱ्यानं उजेड आणि सावली तेवढी कळते. डॉक्टरनं वहिनीला सांगितलं की भेसळीची दारू आहे हे दुपारी दवाखान्यात आणलं तेव्हाच कळलं असतं, तर डोळ्यांसाठी आणखी काही करता आलं असतं. किती, ते सांगता येत नाही म्हणाला. मी मात्र सांगू शकते. त्या दुपारचे अडीच तास. ते मी नागपूरहून मागवले होते.

वहिनी मला एक शब्द बोलली नाही. उलट दवाखान्यात चहा दिला.

पंधरा दिवसांनी मी रोहण्याकडे मिस्त्रींच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं पाट टाकला, पाणी दिलं, तब्येत विचारली. मिस्त्री अंगणात कोणाच्या तरी दाराच्या चौकटीला रंधा मारत होते. रंधा थांबवून हात झटकत आले. मी माफी मागितली. प्रवासभर जुळवलेलं सगळं बोलून टाकलं, आणि शेवटी म्हणाले की आर्वीला नवं काम घेतलंय, मोठं घर आहे, तुम्ही या, आता तुम्ही म्हणाल तसं होईल.

ते हातावरचा भुसा काढू लागले.

“शेठच्या घरी मी जात असतो,” ते म्हणाले. “भिंतीले पकडायले दांडे लावून देल्ले, संडासापर्यंत. त्याईनं माहे हात धरले, रडले. माह्या मनात त्याईच्याबद्दल काही नाई.”

“मग माझ्याबद्दल?”

हे मी विचारायला नको होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. कामाचं माप सांगावं तसं सांगितलं.

“तो पेत होता, ताई. तुमी तं शुद्धीत होत्या.”

त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला. मी तो प्याले, कारण न पिता उठणं बरं दिसलं नसतं. मिस्त्री मला रस्त्यापर्यंत सोडायला आले, गाडी वळवताना मागे कोणी नाही हे बघून हात केला आणि परत गेले. या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. ते अजून काम करतात, सेलूत, आर्वीत, वर्ध्यातही, आणि लोक मला त्यांचं कौतुक सांगतात. माझ्या कामावर ते पुन्हा आले नाहीत.